अवेळी सुटलेलं पाणी

सर्व्हर सांगत होता, चार नंबरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडा आहे. तोच सर्व्हर सांगत होता, उघडायचा हुकूम त्याने दिलेलाच नाही.

"मग दिला कोणी?" माने साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "भुताने?"

माने साहेब म्हणजे पाणीवाटपाचं कंत्राट घेतलेल्या एका कंपनीचे मॅनेजर. कंपनीचं नाव सांगत नाही, वसाहतीचंही नाही. शीळफाट्याहून डोंबिवलीकडे निघालं की मोठा रस्ता सोडून आत वळायचं, एवढं पुरे. एका अंगाला जुनं आगरी गाव, मध्ये चाळी, आणि त्यांच्या डोक्यावरून बघणारे नवे टॉवर. टॉवरवाल्यांना टाक्या आहेत. चाळीतल्यांना नळाला येईल ते पाणी, पहाटे, थोडा वेळ.

मीटिंग ठाण्यात, कंपनीच्या गारेगार ऑफिसात. समोर पडद्यावर पाण्याच्या दाबाचा आलेख होता. मला आलेख बघत बसायची वाईट खोड आहे. आमच्या गच्चीवरून मलंगगडाची रांग दिसते, तशीच ही रेघ दिसत होती. पहाटे चढ, मग सुळका, मग दिवसभर सपाट माळ. आणि त्या माळावर भर दुपारी एक घळ. जणू पाण्यालाच डुलकी लागली होती. मी मनाने त्या घळीत उतरून बसले होते, तिथे बरंच गार आणि शांत होतं.

"मॅडम, तुम्ही ऐकताय ना?"

"ऐकतेय," मी म्हणाले. ऐकत नव्हते.

माझं काम सांगते. कारखान्यात, पंपहाऊसमध्ये, बॉयलरवर हल्ली प्रत्येक यंत्राला सिमकार्ड किंवा इंटरनेटची तार लावलेली असते. त्या यंत्राला बाहेरचा कुणी फसवू शकतो का, हे मी तपासते. ठाण्याच्या एका लहान लॅबमध्ये आम्ही त्यावर संशोधन करतो. सोप्या भाषेत, पगार घेऊन लोकांची कुलपं उघडून बघतो. वसाहतीतल्या पाण्यावर नजर ठेवणारा एक प्रोग्रॅम मीच बसवला होता. तो रोजचं पाणी कसं वाहतं ते शिकतो आणि काही वेगळं दिसलं की बोंब मारतो. ही दुपारची डुलकी त्यानेच पकडली होती.

माने साहेबांच्या सॉफ्टवेअर टीमचं ठाम मत होतं की हा हॅकर आहे, व्हॉल्व्ह उघडतो आणि मागे आपले ठसे पुसतो. "बाहेरच्या देशातून असणार," एकजण म्हणाला. शीळफाट्याच्या चाळीतलं पाणी सोडण्यात बाहेरच्या देशाला काय रस, हे मी विचारलं नाही.

"मला नाव पाहिजे," माने साहेब म्हणाले. "नाव मिळालं की पोलिसात तक्रार. आणि आपलाच कुणी निघाला, तर त्याच दिवशी घरी."

मी थोडे दिवस मागून घेतले.

प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीखाली एक चेंबर आहे. त्यात व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हवर मोटर, आणि वर भिंतीला एक करडा डबा. डब्यात छोटा कंट्रोलर आणि सिमकार्ड. सर्व्हर डब्याला सांगतो, डबा मोटरला सांगतो, मोटर व्हॉल्व्ह फिरवते. सर्व्हर आणि डबा एकमेकांना इंटरनेटवरून ज्या चिठ्ठ्या पाठवतात त्यांना आम्ही पॅकेट म्हणतो. मी मध्ये एक यंत्र लावून सगळ्या चिठ्ठ्या वाचायला बसले.

डुलक्या येत राहिल्या. कधी चार नंबरला, कधी सात नंबरला. चिठ्ठी एकही सापडली नाही. हुकूम येतच नव्हता, तरी व्हॉल्व्ह उघडायचा, थोडा वेळ पाणी वाहायचं आणि आपोआप बंद व्हायचं. खरं सांगते, मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांत असं स्वप्नातल्यासारखं काही हाताला लागलं नव्हतं. घरी भाजी चिरतानाही मला तेच दिसायचं. रिकामी दुपार, बंद दारं, आणि जमिनीखाली कुणीही न सांगता हळूच फिरणारा व्हॉल्व्ह.

वेळांना ताल नव्हता. आठवडाभर काही नाही, मग लागोपाठ दोन दिवस. चोराला सवय असते. इथे तीही दिसत नव्हती.

चेंबरची झाकणं उचलायला माझ्याबरोबर हिरामण भोईर असायचा. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला मोकळा. पूर्वी तो तिथला चावीवाला होता. लांब दांड्याची लोखंडी चावी घेऊन गल्लीगल्लीत फिरायचा आणि व्हॉल्व्ह उघडायचा, मिटायचा. मोटरी आल्यावर चावी गेली, व्हॉल्व्हवरची हाताची चाकंही कंपनीने काढून नेली. आता त्याच्या ओळखपत्रावर 'फील्ड सपोर्ट' लिहिलं होतं. म्हणजे झाकणं उचलायची.

"मॅडम, तुमी त्या डब्याकरं एवरा काय बगताव?" तो म्हणायचा. "तो काय बोलनार हाय?"

"बोलेल. सगळे कधीतरी बोलतात."

"मंग चाय पिऊन वाट बगू."

दिवाळी होऊन गेली होती. हवेत धुरकट गारवा होता. एका दुपारी मी पंपहाऊसच्या सावलीत, चार नंबरच्या चेंबरपाशी खुर्ची टाकून बसले होते. हिरामण सकाळीच 'जरा गावात जाऊन येतू' म्हणून गेला होता. वसाहतीची उंच टाकी भरलेली, पंप बंद. खिडकीत पंप ऑपरेटरचा जुना रेडिओ लावलेला, त्यावर एक बाई अगदी सावकाश गात होती. लॅपटॉप मांडीवर, डोळे मिटत आलेले. ऊन गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि मला हलावंसं वाटत नव्हतं.

रेडिओ खरखरला. टिक-टिक-टिक, टिक-टिक-टिक, टर्रर्र.

तुम्हीही हा आवाज ऐकला असेल. जुन्या नेटवर्कवरचा फोन स्पीकरजवळ असला की रिंग वाजायच्या आधी स्पीकर असाच खरखरतो. मी झोपेतच हाताने पर्स चाचपली. माझा फोन वाजत नव्हता. ऑपरेटरचा फोन आत चार्जिंगला, लांब. मग फोन आला कोणाला?

आणि माझ्या पायाखाली मोटर गुणगुणायला लागली.

मी ताडकन उठले. लॅपटॉप पडता पडता वाचला. फोन डब्याला आला होता! चिठ्ठ्या वाचत बसले होते मी. इथे कोणी चिठ्ठी पाठवतच नव्हतं. कोणीतरी नुसता मिस्ड कॉल देत होतं.

आता यात नवल काही नाही, हे नंतर कळलं. शेतावरच्या पंपाला मोबाइल स्टार्टर असतो. शेतकरी घरून मिस्ड कॉल देतो, मोटर चालू होते. पुन्हा दिला की बंद. फोन उचलला जात नाही, म्हणून खर्चही नाही. आमच्या डब्यात तोच सर्किट बोर्ड होता, वर नवं सॉफ्टवेअर चढवलेलं. बनवणाऱ्याने जुनी सोय काढली नव्हती आणि विकणाऱ्याला ती आहे हे ठाऊक नव्हतं. कॉल इंटरनेटवरून येत नाही, त्यामुळे सर्व्हरला त्याचा पत्ताच नाही. बाहेरच्या देशाची गरज पडली नाही, आपल्या मिस्ड कॉलने भागलं.

डब्याला लॅपटॉप जोडला. आलेला नंबर सापडला. मी माझ्या फोनवरून तो लावला.

"हॅलो, कोन बोलताय?"

मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. आवाज हिरामणचा होता.

मी फोन ठेवला. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. इतके दिवस हा माणूस माझ्याबरोबर चहा पीत वाट बघत होता, आणि ज्याची वाट बघत होतो तो हाच.

तो संध्याकाळी आला तेव्हा केस ओले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "फोन तुमीच लावलाव ना? नंबर बगला मी."

"का रे हिरामण?"

तो चेंबरच्या कट्ट्यावर बसला. "मानूस गेला, का पयला सोयऱ्यांना सांगतान, मंग मना चावीवाल्याला. आधीपासूनच तसा हाय. मयताशी आलेली मानसा अंघोल केल्याबिगर घरान कशी जातील? आनि पानी तं पाटंच येऊन जाते. तवा चावी फिरवायचो. आता मिस कॉल देतू. कोनाला विचारू? डब्याला?"

"पण तुझा नंबर डब्यात गेला कसा?"

डबे बसवायला आलेल्या इंजिनिअरच्या फोनला चेंबरपाशी रेंज मिळत नव्हती. 'काका, तुमचा फोन द्या जरा,' म्हणून त्याने हिरामणचा फोन घेतला, तोच नंबर मालकाचा म्हणून डब्यात भरला, मिस्ड कॉल देऊन व्हॉल्व्ह फिरवून दाखवला आणि फोन परत दिला. तीच सेटिंग पुढे सगळ्या डब्यांत कॉपी केली. प्रत्येक डब्याचा नंबर झाकणाच्या आत चिकटवलेला होताच. हिरामणने ते आपल्या फोनमध्ये गल्लीच्या नावाने सेव्ह केले. मशिदीमागच्या गल्लीतही कोणी गेलं की मयताला अंघोळ घालायच्या पाण्यासाठी त्यालाच फोन यायचा.

मृत्यूला ताल नसतो, म्हणून माझ्या आलेखालाही नव्हता. मी ज्या घळीत मनाने गार बसत होते, ती प्रत्येक घळ म्हणजे कोणाच्या तरी घरातलं दुःख होतं. हे कळल्यावर काही दिवस मला आलेख उघडवेना.

पण हेही सांगायला हवं की यंत्रणेतलं हे मिस्ड कॉलचं भोक खरंच धोक्याचं होतं. फोन करणाऱ्याचा नंबर खोटा दाखवता येतो. एखाद्या खोडसाळ माणसाला हे कळलं, तर तो ऐन पहाटे सगळ्या वसाहतीचे व्हॉल्व्ह मिटून टाकू शकला असता. ते बुजवणं भाग होतं. आणि बुजवलं की हिरामणचं पाणी बंद.

रिपोर्टमध्ये मी जे घडलं ते लिहिलं. जुनी सोय तशीच राहिली, तुमच्याच इंजिनिअरने नंबर भरला, तुमच्याच माणसाने मयताच्या घरांसाठी वापरला. शेवटी सुचवलं की कारण देऊन अवेळी पाणी सोडायची एक अधिकृत सोय ठेवा.

माने साहेबांनी नाव तेवढं वाचलं.

"सापडला म्हणजे! तक्रार करतो."

"साहेब, तो घुसला नाही. किल्ली तुम्हीच दिलीत."

"आणि वापरायची परवानगी? ती कोणी दिली?" ते पुढे झुकले. "मॅडम, पूर्वी काय चालायचं तुम्हाला माहीत नाही. ज्याची ओळख त्याला पाणी. हळदीला पाणी, बारशाला पाणी. बाजूच्या गल्लीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन माझ्या केबिनमध्ये बसायच्या. म्हणून हे ऑटोमेशन केलं. आता नियम एकदा वाकवला की संपलं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"मग ती सोय?"

"बघू. फेज टूमध्ये."

हिरामणला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. डबे दुरुस्त झाल्याचा माझा अंतिम रिपोर्ट आला की तक्रार जाणार होती. मी एकेका चेंबरपाशी जाऊन डब्यांत नवं सॉफ्टवेअर भरायला लागले. झाकणं आता ऑपरेटर उचलायचा आणि कुरकुरायचा. चहाही नव्हता.

शेवटचा डबा झाला त्याच दिवशी, उन्हं कलायच्या आधी, हिरामण पंपहाऊसच्या दारात आला. कामावर नव्हता, पण लोकांना त्याचं काय? लोक अजून त्यालाच सांगत होते.

"मॅडम, सात नंबरान रिक्षावाल्या गायकवाडांची बायको गेली. बालंतपनात." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी सवयीनं मिस कॉल दिला. रिंग जाते. व्हॉल्व्ह नाय हालत."

माझं नवं सॉफ्टवेअर उत्तम चालत होतं. एक क्षण मला अभिमानही वाटला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

मी माने साहेबांना फोन लावला.

"मीटिंगमध्ये आहे. मेल टाका ना मॅडम, प्रोसेसने जाऊ."

मेल टाकला. उत्तराची वाट बघत दारात उभी राहिले. तिथून सात नंबरची गल्ली सरळ दिसते. माणसं स्मशानातून परत आली होती. कोणी बसलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी नुसती उभी. धुळीत तिरपं ऊन पडलेलं, पांढरे सदरे त्यात पिवळट दिसत होते. दारांपुढे बायकांनी बादल्या मांडून ठेवल्या होत्या, रिकाम्या. गायकवाड भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याची मोठी मुलगी, तीन-चार वर्षांची, आत जायला बघत होती. कोणीतरी तिचा हात धरून ठेवला होता. आत नवं बाळ रडत होतं आणि बापाला उंबरा ओलांडता येत नव्हता.

हिरामण काही मागत नव्हता. नुसता उभा होता.

"सात ना?" मी विचारलं.

"सात."

टेस्टिंगसाठी माझ्या लॅपटॉपला सगळ्या डब्यांची परवानगी होती. टेस्टिंगसाठी. मी खुर्चीत बसले आणि हुकूम दिला.

दूर जमिनीखाली मोटर गुणगुणली. मग नळांतून हवा सुटल्याचा आवाज आला, आणि मग पाणी. कोणी धावलं नाही. एकेकजण पुढे आला, बादली उचलली, डोक्यावरून ओतली, बाजूला झाला. पहिली बादली गायकवाडला दिली. तो ओल्या कपड्यांनीच आत गेला. गल्लीतून पाण्याचा एक पातळ ओहोळ उतरत पंपहाऊसपर्यंत आला, त्यात आकाश दिसत होतं. मी किती वेळ त्याच्याकडे बघत होते कोणास ठाऊक. हिरामणने "बस झाला मॅडम, आटपला त्यांचा," म्हटलं तेव्हा भानावर आले आणि व्हॉल्व्ह मिटला.

माझा फोन वाजला. या वेळी माने साहेबांना मीटिंग नव्हती.

"मॅडम, पुन्हा अटॅक झाला! तुमचाच प्रोग्रॅम ओरडतोय. आणि नाव..." ते थांबले. "नाव तुमचं येतंय."

"हो. मीच सोडलं पाणी."

"का?"

"तुमच्या इनबॉक्समध्ये आहे. उघडा."

पलीकडून माऊसची टिकटिक ऐकू आली. मेल वाचत असावेत.

"हे रिपोर्टमध्ये यायला लागेल," ते शेवटी म्हणाले.

"येईल. हिरामणच्या नावाखाली माझं नाव घालते. त्याच्याकडे तुमच्या इंजिनिअरने दिलेली किल्ली होती, माझ्याकडे तुम्ही दिलेली. दोघांनी एकाच कामाला वापरली. तक्रार करायची तर दोघांची करा."

रिपोर्ट मी तसाच पाठवला. आमच्या लॅबच्या प्रमुखांनी मला समोर बसवून झापलं, आणि ते चुकीचं नव्हतं. टेस्टिंगच्या परवानगीने चालू पाणी सोडणं हा आमच्या धंद्यातला मोठा गुन्हा आहे. काही महिने मला फील्डवर पाठवलं नाही. मी लॅबमध्ये बसून दुसऱ्यांचे आलेख बघितले.

तक्रार गेली नाही. हिरामणला कामावर घेतलं, या वेळी कंट्रोल रूममध्ये. फेज टू एकदम जवळ आली. कंट्रोल रूमच्या पडद्यावर एक बटण आलं. कारण लिहायचं, दोघांनी मंजूर करायचं, ठरलेल्या वेळाने व्हॉल्व्ह आपोआप बंद. बटणावर मयत हा शब्द नको, असं माने साहेबांचं म्हणणं, म्हणून त्याचं नाव 'विशेष पुरवठा'. दुसरी मंजुरी ते स्वतः देतात आणि मीटिंगमध्ये असले तरी देतात. हळदीसाठी आलेला पहिला अर्ज त्यांनी नाकारला, तेव्हा हिरामण साहेबांच्याच बाजूने भांडला म्हणे.

मी आता प्रत्येक सुरक्षा ऑडिटच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवलाय. तुमच्या यंत्रणेत कोणाला अडवायचं ते ठरलंय, पण अडीअडचणीला कोणाला येऊ द्यायचं, आणि कुठून? बहुतेक कंपन्या त्यापुढे 'लागू नाही' असं लिहून पाठवतात. तिथे मी स्वतः जाते. भोक हमखास सापडतं.